मदत हवी आहे: थेट बेडक्यातून एनडीएम जीन शोधणारी लॅम्प चाचणी कल्चरशी जुळेना

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. लातूरला एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पाचा विषय: न्यूमोनियाच्या पेशंटचा बेडका, किंवा व्हेंटिलेटरवर असेल तर श्वासनलिकेतल्या ईटी ट्यूबमधून ओढलेला स्राव, यातून कल्चर न लावता (म्हणजे प्लेटवर जंतू न वाढवता) मेरोपेनेम या अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जंतूंचे जीन पकडायचे.

कारण तुम्हाला ठाऊकच असेल. जंतू कोणता हे कळायला एक दिवस, औषध कोणतं चालेल हे कळायला आणखी एक, मधे रविवार आला की संपलंच. तोवर डॉक्टर अंदाजाने मेरोपेनेम सुरू करतात, आणि जंतूकडे एनडीएम, म्हणजे मेरोपेनेम तोडणारं एन्झाइम बनवणारा जीन, असला तर ते सगळं पाण्यात. टीबीसाठी ट्रूनॅट ही जीन-चाचणी तास-दोन तासांत रिफाम्पिसिन हे औषध चालेल का ते सांगते, मग न्यूमोनियाला असं का नको, एवढा सरळ विचार होता.

आमच्याकडे रिअल टाइम पीसीआर नाही म्हणून लॅम्प घेतलं, त्यात एकाच तापमानावर जीनच्या प्रती वाढवतात. ६५ अंशांचा वॉटर बाथ पुरतो, आणि लाइट गेली तरी पाणी लगेच गार होत नाही (हसू नका, मे महिन्यात इकडे या). प्रायमर (हवा तो जीन पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) एनडीएम आणि त्याच कामाचा दुसरा जीन ओक्सा-४८ यांचे. रंग फिनॉल रेडचा, गुलाबीचा पिवळा झाला की पॉझिटिव्ह.

प्लेटवरच्या कॉलनीवर चाचणी चोख चालते. थेट नमुना घातला की घोळ. कुठे जीन सापडतो पण कल्चर म्हणतं मेरोपेनेम सेन्सिटिव्ह, म्हणजे औषध चालतं. कुठे कल्चर ठार रेझिस्टंट, म्हणजे औषध चालत नाही, आणि माझी ट्यूब गुलाबीच. काही ट्यूब तर वॉटर बाथमध्ये ठेवायच्या आधीच पिवळ्या!

गाइड सर म्हणतात कॉलम किटने डीएनए काढ. पण मग वेळ आणि खर्च दोन्ही वाढणार, आणि तालुक्याच्या लॅबमध्ये ते कोण करणार? नमुने तपासणीनंतर उरलेले आहेत, नावं काढलेली, एथिक्स कमिटीची परवानगी आहे. कुणी या वाटेने गेलं असेल तर सांगा.

पेट्रीप्लेट
आधीच पिवळ्या होणाऱ्या ट्यूबचं उत्तर सोपं आहे. फिनॉल रेड जीन बघत नाही, आम्लता बघतो. स्राव आम्लधर्मी असेल तर रंग आपोआप बदलतो, आणि त्यात बफर (आम्लता बदलू न देणारे क्षार) जास्त असेल तर जीन वाढूनही रंग बदलत नाही. हायड्रॉक्सी नॅफ्थॉल ब्लू हा दुसरा डाय वापरून बघा. तो मॅग्नेशियमवर चालतो, जांभळ्याचा आकाशी होतो. त्यासाठी बफर मात्र नेहमीचा घ्या, फिनॉल रेडच्या किटमधला पातळ नको.

बेडका डीटीटीने (चिकटपणा तोडणारं रसायन) पातळ करा, प्रथिनं तोडणारं प्रोटीनेज के घाला, मग ९५ अंशांवर दहा मिनिटं, फिरवून वरचं पाणी घ्या. मूळ आणि दहापट पातळ असं दोन्ही लावा. पातळ केल्यावरच पॉझिटिव्ह येत असेल तर नमुन्यात काहीतरी एन्झाइमला अडवतंय. शिवाय प्रत्येक नमुन्याला माणसाच्या आरनेज पी जीनची वेगळी ट्यूब हवीच. ती निगेटिव्ह आली तर एनडीएम निगेटिव्ह आहे असं म्हणायचा अधिकारच नाही.

कोरडवाहू डॉक्टर
मी फिजिशियन, लॅबवाला नाही, पण तुमचा तक्ता मला एका गोष्टीसाठी बघायचाय: मेरोपेनेमला न जुमानणारे नमुने जंतूनुसार वेगळे केलेत का? आपल्याकडच्या आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये असिनेटोबॅक्टर भरपूर. त्याचा मुख्य जीन ओक्सा-२३, आणि तो तुमच्या ट्यूबमध्ये नाहीच. ओक्सा-४८ चा प्रायमर त्याला पकडणार नाही. स्यूडोमोनासमध्ये ओपीआरडी नावाचं दार बंद झालं तरी कार्बापेनेम (मेरोपेनेमच्या गटातली औषधं) आत जात नाही. क्लेबसिएलामध्ये सीटीएक्स-एम हा वेगळा जीन असेल आणि पोरिन (औषध आत जायची दारं) गेलेले असतील, तर एवढ्यावरही जंतूचं भागतं. तिथे शोधायला कार्बापेनेमेझ, म्हणजे ही औषधं तोडणाऱ्या एन्झाइमचा, जीनच नसतो.

टीबीशी तुलना म्हणूनच फसवी आहे. टीबीचा जंतू एकच, आणि रिफाम्पिसिन न चालण्याची सुमारे ९५ टक्के कारणं आरपीओबी जीनच्या ८१ अक्षरांच्या तुकड्यात. इथे जंतू अनेक, वाटा अनेक, वर जीन प्लाझ्मिडवरून (जंतूतला डीएनएचा सुटा गोल तुकडा) या जंतूचे त्या जंतूकडे जातात. तुमचा "जीन आहे पण सेन्सिटिव्ह" नमुना बहुधा तसलाच: कल्चरला उचललेली कॉलनी एकाची, जीन शेजारच्याचा. किंवा मेलेल्या जंतूचा, पेशंटला अँटिबायोटिक चालू असेल तर.

तरीही चाचणी सोडू नका. मला हवं ते जीनचं नाव. ओक्सा-४८ असेल तर सेफ्टाझिडिम-अव्हिबॅक्टम चालतं. एनडीएम असेल तर ते एकटं चालत नाही, सोबत अझ्ट्रिओनाम लागतं. हा फरक मला पहिल्या दिवशी कळला तर कल्चरची वाट बघणं जड जाणार नाही. "निगेटिव्ह म्हणजे मेरोपेनेम द्या" एवढं मात्र रिपोर्टवर लिहू नका, बाई!

गोदाकाठ
टीबी लॅबमध्ये काम करतो, दोनच गोष्टी. ताई, न्यूमोनिया म्हणून आलेल्या बेडक्यात टीबी निघतो, आपल्या भागात तर निघतोच. डबी बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच उघडा, उकळायच्या आधी सेंट्रिफ्यूज नको. दुसरं, लाळ आली तर परत पाठवा. सकाळचा, खोल खोकून काढलेला बेडका नसेल तर कोणतीही मशीन काय करणार?

मांजराकाठ
डॉक्टर साहेब, तक्ता आत्ताच जंतूनुसार लावला. गुलाबी राहिलेल्यांत असिनेटोबॅक्टरच जास्त. ओक्सा-२३ चे प्रायमर मागवते. एन्झाइम पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने थर्माकोलमध्ये येतं, तर त्याबरोबर डायही सांगते. पेट्रीप्लेट, पिवळ्या ट्यूबचा पीएच मोजून इथेच टाकते.

राहिला प्रश्न कंट्रोल स्ट्रेनचा, म्हणजे चाचणी पडताळायला लागणाऱ्या, जीन नक्की ठाऊक असलेल्या जंतूचा. एनडीएम-१ साठी एटीसीसी बीएए-२१४६ क्लेबसिएला वापरतात, पण विकत घेणं विभागाला झेपत नाही. नांदेड, अंबाजोगाई, संभाजीनगरकडे कुणाकडे सिक्वेन्सिंग झालेला एनडीएम किंवा ओक्सा-२३ चा आयसोलेट (पेशंटच्या नमुन्यातून वेगळा काढलेला जंतू) असेल तर निरोप करा. विभागाच्या लेटरहेडवर रीतसर पत्र देऊ, न्यायलाही मीच येईन.