शब्दचर्चा: ‘टोटल प्रोटीन वाढलं’ म्हणजे नेमकं काय वाढलं?

दारव्ह्याहून प्रश्न
गाय महिनाभरापासून खंगत चालली आहे. दूध आटलं, पाठ कमान करून उभी राहते. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्टात टोटल प्रोटीन 8.9, पुढे वर जाणारा बाण. खाली अल्ब्युमिन 2.3, ग्लोब्युलिन 6.6, ए/जी (अल्ब्युमिन भागिले ग्लोब्युलिन) 0.35. बाबा म्हणतात, प्रोटीन जास्त झालं, सरकी ढेप बंद करा. ‘एकूण प्रथिने’ हा मराठी शब्द ठाऊक आहे, पण ती ‘वाढली’ म्हणजे गाय सुधारली की बिघडली?

वर्ध्याहून
ढेप बंद करू नका. ढेपेतलं प्रोटीन बहुतेक पोटातले जिवाणूच मोडून खातात. रक्तातलं अल्ब्युमिन यकृत बनवतं, आणि ग्लोब्युलिनमधला मोठा वाटा रोगाशी लढणाऱ्या प्रतिपिंडांचा असतो. आठवडाभर ढेप कमी-जास्त केल्याने 8.9 चा आकडा हलत नाही. दीर्घ उपासमारीत अल्ब्युमिन उतरतं, ते वेगळं.

अकोल्याहून
इथे घोटाळा ‘एकूण’ या शब्दाचा आहे. प्रौढ गाईत एकूण प्रथिने 100 मिलिलिटरला साधारण 6.7 ते 7.5 ग्रॅम, त्यात अल्ब्युमिन तीनच्या वर. (प्रत्येक लॅबची मर्यादा थोडी वेगळी, रिपोर्टवर छापलेली पाहा.) तुमच्या गाईचं अल्ब्युमिन घसरलंय आणि ग्लोब्युलिन जवळपास दुप्पट झालंय. बेरीज मोठी दिसते म्हणून बाण वर.

नुसतं पाणी कमी पडलं असतं, म्हणजे आपल्या मे महिन्यात किंवा हगवणीत पडतं तसं, तर आमटी आटल्यावर सगळंच दाट होतं तसं अल्ब्युमिन-ग्लोब्युलिन दोन्ही चढले असते आणि ए/जी गुणोत्तर जागेवर राहिलं असतं. 0.35 हे पाण्याचं काम नव्हे. कुठेतरी जुनी सूज, गळू किंवा जंतुसंसर्ग मुरलेला असावा. त्यात पाठीची कमान सांगताय, म्हणून पोटात तार-खिळा गेलाय का, हे डॉक्टरांना नक्की विचारा.

दारव्ह्याहून
कुटारात तारेचे तुकडे निघतात खरे. मागच्या कुंपणाची तार तिथेच पडलेली होती.

पुसदहून
काऊन भाऊ, येवढा इचार करता! आमच्या बकऱ्याइच्या जबड्याखाली पानी उतरलं का आमी समजून जातो, जंत हायेत. प्रोटीन गेलं म्हनून पानी उतरते म्हन्तात डॉक्टर.

अकोल्याहून
बरोबर. अल्ब्युमिन रक्तातलं पाणी धरून ठेवतं. ते फार कमी झालं की पाणी बाहेर झिरपतं आणि जबड्याखाली साठतं. रक्त पिणाऱ्या जंतांमुळे अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन दोन्ही जातात. म्हणून तिथे एकूण आकडा खाली येतो, गुणोत्तर मात्र फारसं बिघडत नाही. दारव्ह्याच्या गाईत उलट चित्र आहे.

वर्ध्याहून
वासराच्या बाबतीत हाच शब्द तिसराच अर्थ घेतो. जन्मतः वासराच्या रक्तात प्रतिपिंडं जवळजवळ नसतातच, ती चिकातून येतात, आणि आतडं त्यांना पहिल्या दिवसापुरतंच आत घेतं. दोन-तीन दिवसांच्या वासरात आकडा 5.2 च्या खाली असेल तर चीक वेळेवर किंवा पुरेसा पोचला नाही असं धरतात. तिथे ‘प्रोटीन वाढलं’ ही आनंदाची बातमी! खरवस करून खाणाऱ्यांनी आधी वासराकडे पाहावं, हे माझं आवडतं भांडण.

अमरावतीहून
‘रक्तद्रव’ आणि ‘रक्तरस’ लोक सरसकट एकासाठी दुसरा वापरतात. प्लाझ्माला, म्हणजे न गोठलेल्या रक्तातल्या द्रवाला, रक्तद्रव म्हणावं; सीरमला, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या द्रवाला, रक्तरस म्हणावं. रक्त गोठताना फायब्रिनोजेन (गाठ बांधणारं प्रथिन) खर्ची पडतं, ते रक्तरसात उरत नाही. म्हणून त्याच जनावराचा रक्तद्रवातला आकडा थोडा जास्त येतो. गाईला तार लागल्याचा संशय असेल तर हाच फरक कामाचा, कारण फायब्रिनोजेन सूज असताना चढतं. दारव्हा, नमुना कोणत्या नळीत घेतला होता?

दारव्ह्याहून
लाल टोपणाची.

अमरावतीहून
त्या नळीत रक्त गोठू देतात, मग तो रक्तरसाचा आकडा, त्यात फायब्रिनोजेन नाही. डॉक्टरांना जांभळ्या टोपणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या नळीत वेगळा नमुना घेऊन ते मोजता येईल का विचारा. नागपूर किंवा अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेत गाय नेणार असाल तर हा रिपोर्ट सोबत ठेवा, आणि ‘प्रोटीन वाढलंय’ असं सांगण्याऐवजी चारही आकडे समोर ठेवा.