आपली टीम आपणच बांधायची, की कोणाची तरी उचलायची?

भरतीओहोटी (रत्नागिरी)

गणपतीत बारा वर्षांच्या पुतण्याने मला पडवीत बसवून धुतलं. एकदा नाही, लागोपाठ चार वेळा, तेही आरतीला माणसं जमेपर्यंतच्या वेळात. खेळ पोकेमॉन व्हायोलेट, स्विचवरचा व्हिडिओगेम, डबल्स. म्हणजे सहा पोकेमॉनची टीम एकमेकांना दाखवायची, त्यातले चार निवडायचे आणि एका वेळी दोघे-दोघे मैदानात. पुतण्या डोंबिवलीहून येताना भाड्याची टीम घेऊन आलेला. सहा अक्षरांचा कोड टाकला की दुसऱ्या कोणीतरी घडवलेले सहाच्या सहा तयार मिळतात. माझी टीम मात्र मे महिन्यापासून मी स्वतः बांधलेली.

आता मी कोकणातला, म्हणजे टीम पावसाचीच असणार. पेलिपर (पाणपक्षी) उतरला की ड्रिझल या त्याच्या ॲबिलिटीने, म्हणजे उपजत गुणाने, पाच टर्न पाऊस, हातात डॅम्प रॉक असेल तर आठ. पाण्याचे हल्ले दीडपट. शेजारी बॅरास्क्यूडा, मूळ वेगच १३६, आणि स्विफ्ट स्विममुळे पावसात तोही दुप्पट. कागदावर पाहिलं तर कोणाची बिशाद नाही समोर उभं राहायची.

पुतण्याने टॉर्कोल नावाचं, उतरताच ऊन पाडणारं कासव आणि फॅरिगिराफ उतरवलं. दोघे एकदम मैदानात आले की ज्याचा वेग जास्त त्याची ॲबिलिटी आधी लागते, संथाची नंतर. पेलिपरचा मूळ वेग ६५, टॉर्कोलचा २०. म्हणजे माझा पाऊस आधी पडला आणि पापणी लवायच्या आत त्याच्या उन्हाने वाळवून टाकला! पहिल्या टर्नला फॅरिगिराफने ट्रिक रूम लावलं, की आता जो संथ तो आधी. मग टॉर्कोलचं इरप्शन, दोघांवर एकदम पडणारी आग. पाण्याच्या पोकेमॉनला आग निम्मीच लागते, तरी दोन इरप्शनमध्ये माझे दोघेही आडवे.

चौथ्या वेळी पोराने मान वर न करता विचारलं, ‘काका, पेलिपरला वाइड गार्ड का नाही दिलंत?’ वाइड गार्ड म्हणजे दोघांवर एकदम पडणारा मारा अडवणारी चाल. माझ्या पेलिपरकडे त्या जागी रूस्ट होतं. पक्षी आहे, बसून जरा दम खाईल, असा माझा हिशेब.

तर माझं मत असं: पहिले सहा महिने तरी स्वतःची टीम बांधायच्या फंदात पडू नये. ज्यांनी हजारो सामने खेळलेत त्यांची टीम उचला, एकही चाल न बदलता खेळा. हापूसची कोय पेरून हापूस मिळत नाही हे आपल्याकडे शाळेतलं पोरही सांगेल. कलमच आणतो ना आपण? मग इथेच काय अडतं?


सुकटबोंबील (मालवण)

चार महिने बांधलेली टीम नि आरतीच्या आधी खलास. बरा झाला, नायतर मोदक गार झाले असते.


कातळकोरीव (राजापूर)

भरतीओहोटी, कलमाचं उदाहरण तुम्हीच काढलंत ते बरं झालं. आमच्याकडे दोनशे कलमं आहेत, म्हणून सांगतो. हापूसची काडी हवेत वाढत नाही, ती रायवळच्या खुंटावर बांधावी लागते. मूळ रायवळचं, वर हापूस. खुंटच नसेल तर काडी आठ दिवसांत वाळते. तुमचा पुतण्या जिंकला तो भाड्याच्या टीममुळे नाही. वाइड गार्ड कशाला असतं हे त्याला माहीत होतं, म्हणून जिंकला. तो त्याचा खुंट.

मी शिकलो कसा ते सांगतो. सुरुवातीला गार्चॉम्पला ॲडमंट नेचर (स्वभाव) दिलं, कारण मार दहा टक्के वाढतो. वेगात पूर्ण २५२ इव्ही (सरावाचे गुण) टाकले, तरी पन्नासाव्या लेव्हलला वेग भरला १५४. समोर जॉली, म्हणजे वेग वाढवणाऱ्या नेचरचा सॅलामन्स, वेग १६७. ड्रॅगनला ड्रॅगनचा मारा दुप्पट, त्यामुळे जो आधी मारेल तो उरेल. मी उरलो नाही. रात्री वही घेऊन बसलो. गार्चॉम्पचा मूळ वेग १०२, सॅलामन्सचा १००. जॉली दिलं असतं तर माझा १६९ झाला असता. दोन आकड्यांनी वाचलो असतो. ते पान अजून आहे, वर चहाचा डाग आहे. उचललेल्या टीममध्ये जॉली आधीच लिहिलेलं असतं आणि तुम्ही ते वाचतसुद्धा नाही.

आणि सगळेच उचलायला लागले तर नवीन येणार कुठून? २०१४ ची जागतिक स्पर्धा आठवा, वॉशिंग्टनची. दक्षिण कोरियाचा सेजुन पार्क पाचिरिसूला घेऊन जिंकला. पाचिरिसू! शेपटी फुगवलेली खार. तोवर तिला कोणी टीममध्ये घेईना. ती कुठल्या कोडातून आली होती?

माझ्या टीममध्ये क्वॅगसायर आहे आणि राहणार. गाळात पाय रोवून ढिम्म उभा राहतो, तोंडावर माशी उठत नाही. असा माणूस प्रत्येक वाडीत एक असतोच.


रुळावरचा चाकरमानी (दिवा)

वाचतोय. मी मोबाइलवर सिम्युलेटरवर खेळतो. परवा गावाहून परतताना जिंकत आलेला सामना करबुडे बोगद्यात गेला. साडेसहा किलोमीटर, नेटवर्क शून्य. बाहेर आलो तर मी हरलेला. यावर कोणती टीम चालते ते सांगा.


गुहागरची सून

दोघांचंही थोडं थोडं चुकतंय. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे प्रवचनाची सवय आहे, सांभाळून घ्या.

आधी भरतीओहोटींचा सामना. ट्रिक रूमचा नंबर टर्नमध्ये अगदी शेवटी लागतो. म्हणजे पूर्ण पहिली टर्न तुमच्या हातात होती. तेव्हा काय केलंत? फॅरिगिराफला टॉन्ट (समोरच्याला फक्त मारच करू देणारी चाल) मारलं असतं तर ट्रिक रूम लागलंच नसतं. इनसिनेरोर आणून फेक आउटने दचकवू म्हणाल तर तेही जमलं नसतं. फॅरिगिराफच्या आर्मर टेलमुळे आधी घुसणाऱ्या चाली त्याला आणि त्याच्या जोडीदाराला लागतच नाहीत. पेलिपरला एकदा आत घेऊन पुन्हा उतरवलं असतं तर पाऊस परत आला असता आणि इरप्शनचा जोर निम्म्यावर आला असता. यातलं काहीच टीम बांधण्याशी संबंधित नाही, हा खेळायचा भाग आहे. तुमची टीम इतकी वाईट नव्हती हो.

आता कातळकोरीव. पाचिरिसूचं उदाहरण सगळे देतात आणि उलटं देतात. पार्कने खार गोड दिसते म्हणून घेतली नव्हती. फॉलो मी चालीने ती जोडीदारावरचा मारा अंगावर ओढून घेते. व्होल्ट ॲब्सॉर्बमुळे विजेचा मारा तिला लागत तर नाहीच, उलट तब्येत सुधारते. शेजारी गॅराडोस, ज्याला वीज चौपट लागते. म्हणजे गॅराडोसवर वीज टाकायची सोयच राहिली नाही. ती कामाला ठेवलेली बाई होती, पाहुणी नव्हे. आणि बाकीचे पाच बघा: गार्चॉम्प आणि टॅलनफ्लेम त्या वर्षी ज्याच्या त्याच्या टीममध्ये होते. नवी जागा एकच.

मी नवीन मुलांना सांगते, सहा नावं आधी लिहू नका, सहा कामं लिहा. वेग कोण सांभाळणार (वेग दुप्पट करणारं टेलविंड असो की ट्रिक रूम)? मारा कोण अंगावर घेणार? समोरच्याने आपला बेत ओळखला तर दुसरा बेत कोणता? मग नावं भरा. दशावतारात आधी संकासुर ठरतो का, आधी नट? ज्याला जे सोंग झेपतं त्याला ते मिळतं.

अजून एक. विचित्र पोकेमॉन घेऊन समोरच्याला चकवू असं वाटत असेल, तर मोठ्या स्पर्धांत आता दोघांच्या चाली, वस्तू, ॲबिलिटी आधीच एकमेकांना दाखवतात. चकवा तिथेच संपतो.


भरतीओहोटी

ताई, पहिल्या टर्नला मी बॅरास्क्यूडाला प्रोटेक्ट (एक टर्न मार अडवणारी चाल) दिलं. घाबरून. आता काय लपवायचं.

पण तुम्ही माझीच बाजू मांडताय. सहा कामं लिहा म्हणता, पण कामं असतात हे नवशिक्याला कळणार कसं? चांगली टीम हातात घेऊन पन्नास वेळा हरल्यावरच कळणार. मी चार महिने टीम बांधली म्हणजे काय केलं? वेग वाढवायला पिसं खाऊ घाल, नेचर बदलायला मिंट शोध, टेरा टाइप (सामन्यात धारण करायचा प्रकार) बदलायला शार्ड गोळा कर. खरे सामने खेळलो अकरा. अकरा! कोडवाल्या पोराने तेवढे दोन रात्रींत खेळले असतील.


सुकटबोंबील (मालवण)

माका एक सांगा. तो दोंडोझो बारा मीटरचो मासो, दोनशे वीस किलो. तात्सुगिरी त्याच्या तोंडात जाता नि दोघां मिळून सगळ्यांका बडवतत. एवढो मासो समोर असताना कोणाक कालवण सुचणा नाय?


कातळकोरीव (राजापूर)

बोंबीलभाऊ, तात्सुगिरी तोंडात गेला की दोंडोझोचा मार, बचाव, वेग सगळं दोन-दोन पायऱ्या वर चढतं. आणि त्यावर उतारा कोण? क्वॅगसायर. त्याची अनअवेअर ॲबिलिटी समोरच्याच्या चढलेल्या पायऱ्या मोजतच नाही. तुझ्या दोनशे वीस किलोला तो नेहमीच्याच वजनाने तोलतो. ताई म्हणतात ना काम सांगा, हे घ्या काम.

ताईंचा मुद्दा मान्य, पण अर्धाच. नवी जागा एकच होती, बरोबर. ती एक जागा त्याला दिसली कारण बाकीच्या पाचांचं वागणं त्याला तोंडपाठ होतं. कोड टाकून ते येत नाही. भाड्याच्या टीममधली एक चालही बदलता येत नाही. भाड्याच्या घरात खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावं लागतं, इथे तर मालकाचा पत्ताच नाही.

भरतीओहोटी, बोलून काय उपयोग. रविवारी रात्री नऊला या. तुमची कुठलीही उचललेली टीम, माझी वहीतली. तीनपैकी दोन.


भरतीओहोटी

आलो. लाईट राहिली तर.


रुळावरचा चाकरमानी (दिवा)

स्विचला बॅटरी असते हो. राउटरची काळजी करा.


गुहागरची सून

निकाल लिहा इथे. आणि वाइड गार्ड आहे का ते आधी बघून घ्या.


भरतीओहोटी

लिहितो. एक-दोनने हरलो.

पावसाचीच टीम उचलली होती. पेलिपर, आर्कालुडॉन, लुडिकोलो वगैरे. पावसात आर्कालुडॉनचं इलेक्ट्रो शॉट एक टर्न न थांबता सुटतं. पहिला गेम त्यावरच मारला, सात मिनिटांत. दुसऱ्यात कातळकोरीवने टॅलनफ्लेम आणि गार्चॉम्प उतरवले. टेलविंड लावून वेग दुप्पट केला आणि अर्थक्वेक. टॅलनफ्लेम उडता, त्याला लागत नाही. माझ्या पेलिपरलाही लागत नाही. आर्कालुडॉन पोलादी, त्याला दुप्पट. दोन अर्थक्वेकमध्ये गेला. तिसऱ्या गेमला तीच जोडी, तोच अर्थक्वेक, पुन्हा आर्कालुडॉन गेला.

मग चहा करायला उठलो आणि पुतण्याला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘काका, चाली वाचा.’ वाचल्या. पेलिपरची चौथी चाल वाइड गार्ड. दोन्ही गेम ती तिथेच होती. मी प्रत्येक वेळी पहिल्या दोनच दाबत राहिलो. ताईंनी इथे सांगितलेलं, तेही वाचलं होतं.


सुकटबोंबील (मालवण)

घरात छत्री असान भिजलंस तू.


गुहागरची सून

कातळकोरीव, अभिनंदन. क्वॅगसायरने काय केलं ते कोणीच लिहिलं नाही?


कातळकोरीव (राजापूर)

नाही खेळवला.

समोर लुडिकोलो दिसत होता. पावसात दुप्पट वेगाने येणार, आणि गवताचा मारा क्वॅगसायरला चौपट. पहिल्या गेमला म्हटलं पुढच्याला आणू. दुसऱ्याला बोट त्याच्यावर नेऊन ठेवलं, मग बाजूला घेतलं. तिसऱ्याला तेवढंही केलं नाही. भरतीओहोटी, तुम्ही लुडिकोलो तरी उतरवलात का एकदा?


भरतीओहोटी

नाही हो. तो काय करतो ते मला माहीत नव्हतं.