कृत्रिम भिंतीवरून खऱ्या कातळावर जाताना काय सांभाळावे?

प्रश्न

मी आजवर केवळ कृत्रिम भिंतीवर प्रस्तरारोहण केले आहे. टॉप रोप (दोर आधीच माथ्यावरून अडकवलेला) आणि लीड (चढता चढता दोर स्वतः अडकवत जाणे) या दोन्ही प्रकारांचा आणि साथीदाराला बिले देण्याचा, म्हणजे त्याचा दोर सांभाळण्याचा, मला सराव आहे. आता अनुभवी मंडळींबरोबर प्रथमच उघड्या कातळावर जाण्याचे ठरत आहे. चढाईची धास्ती नाही; परंतु भिंतीवर जी काळजी तिथले प्रशिक्षक घेत असतात, ती आता आम्हालाच घ्यावी लागेल. त्यात नेमके काय सुटून जाते? तिथे इतर आरोहकही असतील, तेव्हा वागण्याचे संकेतही सांगावेत.

उत्तर १

माझ्या मते सर्वाधिक लक्ष उतरण्याकडे द्यावे, कारण माथ्यावर पोहोचल्यावर मन सैलावते आणि चुका तिथेच होतात. भिंतीवरचा दोर तिथल्या उंचीला पुरेल असाच असतो. कातळावर तसे गृहीत धरता येत नाही. ३५ मीटरच्या मार्गावरून ६० मीटरच्या दोराने कोणाला खाली सोडू लागलात, तर तो जमिनीपासून सुमारे १० मीटर वर असतानाच दोराचे मोकळे टोक बिले डिव्हाइसमधून निसटून जाईल. म्हणून त्या टोकाला प्रत्येक वेळी पक्की गाठ मारावी, मार्ग कितीही ओळखीचा असला तरी. रॅपलिंग करताना, म्हणजे दोरावरून स्वतःच उतरताना, दोन्ही टोकांना गाठी हव्यात.

दुसरा धोका गैरसमजाचा. वरचा आरोहक ‘सेफ’ असे ओरडतो, खालचा साथीदार त्याला आता बिले नको असे समजून दोर सोडतो, आणि वरचा मात्र आपल्याला खाली सोडले जाईल या भरवशावर मागे रेलतो. तो साथीदाराकडून खाली येणार की रॅपल करणार, हे जमिनीवर असतानाच ठरवावे, हाका नावासह द्याव्यात आणि ठरलेली हाक ऐकू येईपर्यंत बिले काढू नये. निघण्यापूर्वी एकमेकांची गाठ, हार्नेसचे (कमरेच्या पट्ट्याचे) बकल आणि कॅराबिनरचे (दोर अडकवण्याच्या धातूच्या कडीचे) लॉक हात लावून तपासावे. नुसती नजर टाकणे पुरेसे नाही.

उत्तर २

वरील सर्व मुद्दे मान्य. त्यात हेल्मेटची भर घालतो, आणि ते बिले देणाऱ्यानेही घालायचे असते, कारण सुटलेला दगड खालच्यालाच लागतो. शंका येईल ती पकड आधी तळहाताने ठोकून पाहावी. पोकळ आवाज आला तर तिच्यावर भार देऊ नये. काही निसटलेच, तर लगेच ‘दगड!’ असे मोठ्याने ओरडावे.

अँकर, म्हणजे दोराचा वरचा आधार, किमान दोन स्वतंत्र बिंदूंवर असावा आणि त्यांना जोडणाऱ्या स्लिंगमधला (पट्ट्यांमधला) कोन ६० अंशांच्या आत राहावा. हा कोन १२० अंशांवर गेला की प्रत्येक बिंदूवर पूर्ण भाराइतकाच ताण येतो, म्हणजे भार विभागण्याचा हेतूच उरत नाही. खडकात बसवलेल्या, पण गंजलेल्या किंवा हलणाऱ्या बोल्टवर विसंबू नये.

उत्तर ३

संकेतांविषयी लिहिते. आपला दोर एकाच मार्गावर दिवसभर लटकत ठेवू नये; कोणी थांबले असेल तर त्यांना वाट द्यावी. टॉप रोपचा सराव आपल्या स्वतःच्या कॅराबिनरवरून करावा, कारण कायमस्वरूपी बसवलेल्या कड्या दोराच्या घर्षणाने झिजतात आणि त्यांवर पुढच्यांचे प्राण अवलंबून असतात. कड्यावर पक्ष्यांची घरटी असतील, तर विणीच्या काळात तो भाग सोडून द्यावा. पकडीसाठी हातांना लावलेल्या खडूच्या खुणा निघताना ब्रशने पुसाव्यात.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. आदल्या दिवशी पाऊस झाला, तर जावे का?

उत्तर ३

ते खडकावर अवलंबून आहे. ग्रॅनाइट बहुधा लवकर सुकतो. वालुकाश्म मात्र पाणी शोषून घेतो आणि ओला असताना इतका ठिसूळ होतो, की पकडी मोडतात आणि मार्ग कायमचा बिघडतो. पृष्ठभाग कोरडा दिसला तरी आत ओल असू शकते. कड्याच्या पायथ्याची माती थोडी उकरून पाहावी. ती खाली दमट लागली, तर त्या दिवशी चढू नये.