गाडीची लीज संपतेय : ठेवायची, परत द्यायची की नवी घ्यायची? (अनुभव धागा)

एडिसन, न्यू जर्सी
आमच्या गाडीची तीन वर्षांची लीज, म्हणजे भाडेकरार, दोन महिन्यांनी संपतेय. करारात वर्षाला १२,००० मैल, म्हणजे एकूण ३६,०००. काट्यावर आत्ताच ४०,६०० आहेत, परत करेपर्यंत ४२,००० होतील. वरच्या प्रत्येक मैलाला २५ सेंट, म्हणजे दीड हजार डॉलर तिथेच गेले. शिवाय गाडी परत घेण्याची फी ३९५. विकत घ्यायची तर करारातला आकडा १९,४००, त्यावर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर. ऑनलाइन विचारलं तर ही गाडी १८,२०० ला घेऊ म्हणतात, आणि अगदी अशीच एक डीलरकडे २१,८०० ला उभी आहे. नवरा म्हणतो, देऊन मोकळे होऊ. मला गाडीचा लळा लागलाय, हे कबूल. पण मैलांपायी दीड हजार द्यायचे जिवावर येतंय. तुम्ही काय केलंत? भारतातले, युरोपातले अनुभवही लिहा. आकड्यांसकट लिहिलंत तर बरं.

डॅलस
आमची २०१९ ला घेतलेली, २०२२ ला संपली. चिपच्या टंचाईमुळे तेव्हा जुन्या गाड्यांना सोन्याचा भाव आला होता. करारात १६,०००, बाजारात २३,०००. डीलरचे फोन सुरू झाले, "आणून सोडा, मायलेज बघणारही नाही, नवीनवर सूट देतो." इतका प्रेमळ फोन तीन वर्षांत एकदाही आला नव्हता, तिथेच शंका आली. शेवटची किंमत पहिल्या दिवशीच करारात लिहिलेली असते, बाजार चढला म्हणून ती त्यांना वाढवता येत नाही. टेक्सासमध्ये लीजच्या सुरुवातीला पूर्ण किमतीवर कर लागला होता, विकत घेताना परत ६.२५ टक्के. हजार डॉलर पुन्हा सरकारजमा. तरी घेतली.
एक करा. डीलरला मध्ये न घेता थेट फायनान्स कंपनीकडून कागद होतात का ते विचारा. आमच्याकडे डीलरने कागदांची फी, तपासणीची फी असं ९०० डॉलरचं शेपूट लावलं होतं. कंपनीला फोन केल्यावर ते गळून पडलं. आता मुलगी त्याच गाडीवर शिकतेय. मागच्या बंपरबद्दल विचारू नका.

बे एरिया
माझं बरोबर उलटं. इलेक्ट्रिक गाडी, २०२३ मध्ये घेतली. लीजवर घेतली की ७,५०० डॉलरचं सरकारी क्रेडिट (करसवलत) लीज कंपनीला मिळायचं आणि माझ्या लीज कंपनीने ते हप्त्यातून कमी केलं, म्हणून मोह झाला. मग नव्या गाड्यांच्याच किमती उतरल्या. संपताना करारात ३४,०००, बाजारात २४,०००. दहा हजारांचा खड्डा त्यांचा, आपल्याला काय! हसत हसत चावी दिली. महिन्याने बिल आलं: चार्जिंग केबल परत केलेली नाही. केबल गराजमध्ये खिळ्याला लटकत होती, मी रोज बघत होते.

शिकागो
परत द्यायची असेल तर तपासणी आधीच करून घ्या, आमच्याकडे दोन महिने आधी फुकट झाली. तो माणूस क्रेडिट कार्डाएवढं एक कार्ड घेऊन आला. ओरखडा त्याखाली झाकला गेला तर माफ, बाहेर डोकावला तर पैसे. दाराचा ओरखडा वाचला, टायर नापास झाले. टायर घरीच बघायचे असतील तर क्वार्टर, म्हणजे २५ सेंटचं नाणं घ्या, वॉशिंग्टनचं डोकं खाली करून खाचेत उभं घाला. रबर डोक्याला टेकलं तर इंचाचे बत्तिसातले चार भाग शिल्लक आहेत, बहुतेक कंपन्यांना तेवढे चालतात. माझं रबर त्याच्या केसांनाही शिवत नव्हतं. बाहेरून टायर बसवून घेतले, लीज कंपनीने लावले असते त्यापेक्षा निम्म्यात.

पुणे
आमची कंपनी लीज, म्हणजे नोकरीच्या कंपनीमार्फत घेतलेली, चार वर्षांची. हप्ता कर लागण्याआधीच पगारातून जायचा आणि इंजिन १.६ लिटरच्या आतलं म्हणून परक्विझिट (कंपनीने दिलेल्या सोयीची करपात्र किंमत) महिना १,८०० रुपयेच धरायचे. तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये हे फार गोड वाटतं. शेवटची किंमत बाजारभावापेक्षा बरीच कमी, त्यामुळे घ्यायची की नाही हा प्रश्नच नव्हता. घोडं अडलं नावावर करताना. आरसी लीज कंपनीच्या नावावर. फॉर्म २९, फॉर्म ३०, त्यांच्या अधिकाऱ्याच्या सह्या, विमा माझ्या नावावर, पीयूसी. कागद मुंबईहून आले, एका सहीखाली शिक्का नव्हता, परत गेले. तीन आठवडे त्यातच.
मग एजंट सोसायटीच्या पार्किंगमध्ये आला. चासी नंबरवर कागद धरून पेन्सिल घासायला लागला, लहानपणी आपण नाण्यावर घासायचो तशी. पहिल्या कागदावर शेवटचे दोन आकडे उमटलेच नाहीत. फडक्याने धूळ पुसून दुसरा कागद. एवढं सगळं होऊन आरसी आली, तर त्यावर मालक क्रमांक २! पहिल्या दिवसापासून मीच चालवतोय हे विकताना कोण ऐकतंय? आणि फास्टॅग जुन्याच केवायसीवर राहिला होता, तोही बदलून घ्या.

बंगळुरू
माझीही कंपनी लीज, ३१ व्या महिन्यात नोकरी सोडली. उरलेले हप्ते, गाडीची किंमत, मुदतीआधी मोडल्याचा दंड, जीएसटी, सगळं फायनल सेटलमेंटमधून कापलं. नव्या कंपनीत लीज वळवता येईल असं एचआर म्हणाली होती. नव्या कंपनीचा करार निघाला दुसऱ्याच लीजवाल्यांशी.

श्टुटगार्ट
इकडे किलोमीटर-लीजिंगमध्ये विकत घ्यायचा हक्क सहसा नसतोच, त्यामुळे डोक्याला ताप नाही. घरून काम सुरू झाल्याने माझे किलोमीटर कमी भरले, त्याचे पैसेही परत मिळाले. भांडण होतं ते गाडी परत देतानाच्या प्रोटोकॉलवर, म्हणजे गाडीची अवस्था नोंदवलेल्या कागदावर. "ही फक्त गाडी मिळाल्याची सही" असं सांगतात आणि खाली बारीक अक्षरांत नुकसान तुम्ही मान्य केलेलं असतं. मी एकेक जर्मन शब्द लावत वाचत बसलो, समोरचा घड्याळ बघत बसला. दोन ओळी खोडायला लावल्या, मगच सही केली.

नाशिक
वडिलांना लीज समजावून सांगितली. म्हणाले, "म्हणजे चार वर्षं भाडं भरलंस आणि आता मालक म्हणतोय घर विकत घे?" अजून उत्तर सुचलेलं नाही.

एडिसन, न्यू जर्सी
सगळ्यांचे आभार, गाडी ठेवतोय. थेट फायनान्स कंपनीला फोन केला, करारातली किंमत, ३०० फी आणि कर, बाकी काही नाही. कर्ज क्रेडिट युनियनकडून (इथली पतपेढीच म्हणा). नवरा तयार कसा झाला? क्वार्टर घेऊन ड्राइव्हवेमध्ये गेला आणि पुढचे दोन्ही टायर नापास निघाले. परत द्यायची तर मैलांचे दीड हजार, ३९५ आणि वर टायर, हे ऐकून त्याचा सूर बदलला. गाडी ठेवली तरी टायर बदलायचेच आहेत, हे अजून त्याच्या लक्षात आलेलं नाही. मी बोलले नाहीये.