माशा मारत बसायचं की रोगी शोधायचे?

कंपालाकर:
मागच्या महिन्यात कामासाठी युगांडाच्या वायव्येला, आरुआकडे गेलो होतो. ओढ्यावर बायका पिवळ्या जेरीकॅनमध्ये पाणी भरत होत्या आणि काठाकाठानं दर पन्नासेक मीटरवर खुंटाला एक फडकं ताणून बांधलेलं. वीतभर निळं कापड, त्याला जोडून तेवढीच काळी जाळी. माणसाला निद्रारोग देणारी त्सेत्से माशी निळ्याकडे ओढली जाते, घिरट्या घालताना जाळीवर आपटते, तिच्यावरचं डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक लागून मरते. युक्ती झकास आहे, वादच नाही.

पण माझं मत, हा खर्च आता पुरे. निद्रारोगाचे १९९८ साली जवळपास ४०,००० रोगी नोंदले गेले होते, २०१८ पासून वर्षाला हजाराच्या आत आहेत. पूर्वी मेलार्सोप्रॉल नावाचं आर्सेनिकचं इंजेक्शन द्यायचे, वीस रोग्यांतला एक औषधानंच दगावायचा. आता फेक्सिनिडाझोलच्या दहा दिवस गोळ्या. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला गांबिएन्स प्रकार मुख्यतः माणसांतच टिकून राहतो. रोगी शोधा, गोळ्या द्या. रक्तातच जंतू उरला नाही तर माशी नुसती माशी. बाकी सगळं म्हणजे शब्दशः माशा मारणं.

गोठ्यातला डॉक्टर:
"नुसती माशी" म्हणता, म्हणजे नागाना झालेली गाय तुम्ही पाहिलेली नाही. तोच जंतूंचा गोतावळा, तीच माशी. गाय खंगते, गाभडते, आटते.

आणि ही माशी घरमाशीसारखी शेकड्यानं अंडी घालत नाही. मादी पोटात एकच अळी वाढवते, आतच दूध पाजते, नऊ-दहा दिवसांनी एक पिल्लू जमिनीवर टाकते. एवढी सावकाश वीण असलेल्या जातीत रोज शंभरातल्या चारच माद्या जादा मेल्या, तरी माशांची अख्खी वस्ती कोसळते. म्हणून तर तुमचं ते वीतभर फडकं पुरतं. डासांच्या बाबतीत असलं काही स्वप्नातही शक्य नाही.

गिनीत २०१४-१५ ला इबोला आला आणि रोगी शोधणारी पथकं घरी बसली. बोफाच्या खारफुटीत जिथे फडकी लावलेली होती तिथे लागण दबलेली राहिली, जिथे नव्हती तिथे परत वर गेली. तुमच्या गोळ्या तेव्हा कपाटातच राहिल्या असत्या.

जुनी वही:
माशी मारण्याच्या नावाखाली काय काय झालंय तेही येऊ द्या धाग्यावर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या साथीत व्हिक्टोरिया सरोवराकाठी दोन लाखांवर माणसं गेली. तेव्हा युगांडाचा ब्रिटिश गव्हर्नर हेस्केथ बेल यानं उरलेल्यांना काठावरून उठवलं. मासेमारीवर जगणाऱ्यांना पाण्यापासून तोडलं! दक्षिण ऱ्होडेशियात (आजच्या झिंबाब्वेत) माशीला रक्त मिळू नये म्हणून रानातली लाखो जनावरं गोळ्या घालून मारली.

प्रिन्सिपे बेटावर तर मळ्यातल्या मजुरांच्या पाठीवर चिकट काळं कापड बांधायचे. मजूर काम करणार आणि माशा त्याच्या पाठीला चिकटणार. १९१४ ला बेट माशीमुक्त झालं. १९५६ ला माशी परत हजर.

गोठ्यातला डॉक्टर:
बेचाळीस वर्षं नव्हती, हे तुम्हीच सांगितलंत. झांझिबारच्या उंगुजा बेटावर नसबंद नर सोडून १९९७ पर्यंत ती संपवली. कुणाच्या पाठीला काही बांधलं नाही.

कंपालाकर, तुम्ही बसलात तो देश निद्रारोगाचे दोन्ही प्रकार असलेला एकमेव आहे. दुसरा, ऱ्होडेसिएन्स प्रकार गुरांत आणि रानजनावरांत राहतो. माणसाला कितीही गोळ्या द्या, रेड्याला कोण देणार? तिथे गाईच्या पायांवर आणि पोटावर तेवढं कीटकनाशक फवारतात, कारण माशी तिथेच चावते. औषध कमी लागतं, शेतकऱ्याला परवडतं.

शेंगदाणा:
गोमूत्राच्या वासानं त्सेत्से येते म्हणतात, खरं का? (भक्तांनी रागावू नये.)

गोठ्यातला डॉक्टर:
खरं आहे. त्यातल्या फेनॉलांना भुलते आणि सापळ्यात येते. पण गवताळ रानातल्या जाती. नदीकाठच्या जातींना वासाचं फारसं कौतुक नाही.

वऱ्हाडी पावणा:
आपल्याकडे त्सेत्से नाही म्हणून निवांत असाल तर चंद्रपूर जिल्ह्यातली केस आठवा. २००४ ची. गुरं पाळणाऱ्या एका शेतकऱ्याला सर्रा रोगाचा जंतू झाला, निद्रारोगाच्या जंतूच्याच गोतावळ्यातला, जो उंट-घोड्यांना होतो आणि डांस (डास नव्हे, गुरांना चावणारी मोठी माशी) पसरवतो. माणसाला सहसा होत नाही. त्याच्या रक्तात जंतू मारणारं एपीओएल१ प्रथिनच नव्हतं. सुरामिन या औषधानं बरा झाला. इथे मी कंपालाकरांच्या बाजूनं. डांस मारून तो वाचला नसता, कुणीतरी रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली नीट बघितली म्हणून वाचला.

कंपालाकर:
धन्यवाद पावणे. डॉक्टर, ऱ्होडेसिएन्सचं मान्य, तिथे माझा मुद्दा पडतो. पण गांबिएन्सच्या पट्ट्यात ती फडकी सहा महिन्यांनी-वर्षानं बदलावी लागतात. पूर आला की वाहून जातात. रोगी दिसेनासे झाले की पैसेही दिसेनासे होतात. मग दर पन्नास मीटरला कोण जाणार? परतताना एका खुंटाला नुसती सुतळी लोंबत होती. फडकं वरच्या घरातल्या कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावलेलं.

गोठ्यातला डॉक्टर:
खुराडं पाण्यापासून किती लांब होतं? वीसेक पावलांवर असेल तर राहू द्या तिथंच.