आजीच्या नावाने दिवाळी फराळ वाटप : मापं, वेळा आणि चुका (अनुभव धागा)

मंडळी, सर्वपित्री ते लक्ष्मीपूजन म्हणजे अमावस्या ते अमावस्या, एक चांद्रमास. (२०२० सारखा अधिक आश्विन आला तर दोन.) आयुष्यभर दुसऱ्यांना देत आलेल्या आजी-आजोबांच्या नावाने दिवाळीत काही वाटायचं तर तयारीला एवढेच दिवस हातात असतात. ठाणे-नवी मुंबईत हे केलेल्यांनी लिहा. आठवणी नकोत, त्या घरोघरी आहेतच. किती, कधी, काय बिघडलं आणि का, एवढंच सांगा.

नौपाडा
शंभर पाकिटांचं माप : प्रत्येकी पाव किलो चिवडा, पाव किलो शंकरपाळी, ६ बेसन लाडू. लाडू ४० ग्रॅमचा धरला तर ६०० लाडवांना साडेदहा किलो लाडवाचं बेसन, सव्वापाच किलो तूप, साडेआठ किलो पिठीसाखर. घरच्या कढईत एका वेळी २ किलोच्या वर बेसन घेऊ नका. उलथनं तळापर्यंत पोचत नाही, खाली करपतं आणि वर कच्चं राहतं. दोन किलोला मंद आचेवर पाऊण तास सहज जातो. दाणेदार व्हावं म्हणून दुधाचा हबका मारतात, तो वाटपाच्या लाडवांना नको, टिकाऊपणा जातो.

चिवड्याला १ किलो पातळ पोहे, पाव किलो शेंगदाणे, २०० ग्रॅम डाळं, दीडशे ग्रॅम खोबऱ्याचे काप, पाव किलो तेल. मिळून जेमतेम २ किलो होतो, म्हणजे २५ किलोसाठी १३ किलो पोहे. परतीचा पाऊस रेंगाळला तर गच्चीवर उन्हं देण्याच्या भरवशावर राहू नका, पोहे मंद आचेवर भाजूनच घ्या. कढीपत्ता धुतला असेल तर आदल्या रात्री फडक्यावर पसरा. त्याचा एवढासा ओलावा अख्खा घाणा मऊ करतो.

ओल्या नारळाची करंजी अजिबात नको. चकली बचत गटाकडून घ्या, पण नवरात्रात ऑर्डर द्या, दसऱ्यानंतर कोणी हातात धरत नाही. गटाचा अन्नसुरक्षा नोंदणी क्रमांक मागून घ्या.

कोपरी
फराळ बनवताना बिघडतो त्यापेक्षा भरताना जास्त बिघडतो. चिवडा हाताला पूर्ण गार लागेपर्यंत पिशवीत भरू नका. कोमट भरला की पिशवीला आतून वाफ धरते आणि तिसऱ्या दिवशी चिवडा चिवट होतो. हँड सीलरने तोंड बंद करताना तिथे तेल किंवा साखरेची भुकटी लागलेली असली तर सील धरत नाही. वरून बंद दिसतं आणि पिशवी उचलली की उघडतं. मोठ्या तोंडाचं नरसाळं वापरा, कडा कोरड्या फडक्याने पुसा, मगच दाबा. वर्तमानपत्रात काही गुंडाळू नका, २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी ते बंदच आहे. बाहेरून कापडी पिशवी.

आणि फराळासोबत अभ्यंगाचं साहित्य देणार असाल (उटणं, साबण, तेल, पणत्या) तर ती पिशवी वेगळी हवी! एकाच पिशवीत रात्रभर ठेवलेला चिवडा सकाळी साबणाच्या वासाने खाववत नाही. पणत्यांबरोबर वाती आणि तेल द्या, नुसती पणती घेऊन माणूस काय करणार?

तुर्भे
लेबर नाक्यावर वाटायचं असेल तर वसुबारसेच्या आधी. धनत्रयोदशीपर्यंत निम्मी माणसं गावच्या गाडीत बसलेली असतात. वेळ सकाळी आठच्या आत. नंतर मुकादम येतो, गाडी भरते आणि रांगेतला माणूस रोज बुडू नये म्हणून पाकीट न घेताच निघून जातो. त्याचं बरोबरच आहे.

टेम्पोच्या फाळक्यावरून वाटू नका. हात वर येतात, पिशव्या फाटतात, बायका मागे राहतात. आदल्या दिवशी कुपनं द्या आणि वाटताना दोन टेबलं लावा, एकावर कुपन जमा, दुसऱ्यावर पाकीट. कुपनांपेक्षा दहा टक्के पाकिटं जास्त ठेवा. कुपन नसलेला कोणी ना कोणी येतोच आणि त्याला परत पाठवायचं नसतं. आजी असती तर तिनेही पाठवलं नसतं. रस्त्याकडेला टेबल लावणार असाल तर पोलीस ठाण्यात आणि महापालिकेच्या विभाग कार्यालयात (ठाणे शहरात प्रभाग समितीत) आधी पत्र द्या.

वसंत विहार, ठाणे
येऊरच्या पाड्यांवर फराळापेक्षा शिधा उपयोगी पडतो. एका घराला ५ किलो तांदूळ, १ किलो तूरडाळ, १ लिटर तेल, १ किलो साखर, १ किलो मीठ, २०० ग्रॅम चहा. हे साधारण सव्वानऊ किलो होतं. साठ घरांचं साडेपाचशे किलो, एका छोट्या हत्तीत (लहान टेम्पोत) बसतं. वाशीच्या दाणाबंदरातून (घाऊक धान्यबाजारातून) घेतलं तर ३०० किलो तांदूळ म्हणजे ३० किलोची १० पोती. तिथे पोतं फोडून देत नाहीत, म्हणून घरांचा आकडा आधी पक्का करा. अंगणवाडी सेविकेला विचारा, तिच्याकडे घरन् घर असतं. हमाली वेगळी द्यावी लागते, ती हिशेबात धरा. येऊर हा राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, नाक्यावर वनखात्याची माणसं थांबवतात. सकाळी जा, उजेडात परत या. रिकामं प्लास्टिक सोबत खाली आणा.

बेलापूर
संस्थेत देणार असाल तर आधी फोन करा. त्या आठवड्यात सगळे लाडूच आणतात. वृद्धाश्रमात चकली आणि कडक शंकरपाळी कवळीवाल्यांना चालत नाही, मधुमेही बरेच असतात. पातळ पोह्यांचा कमी तिखट चिवडा चालतो. बालगृहात मुलांचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. बालन्याय कायद्याच्या (२०१५) कलम ७४ प्रमाणे त्यांची ओळख उघड करता येत नाही. व्यवस्थापकांनी ‘काढा हो’ म्हटलं तरी नाही.

कळवा
नावाबद्दल. पाकिटावर हार घातलेला फोटो आणि ‘कै.’ छापू नका. सणासुदीला घरात नेलेल्या खाऊवर मृत माणसाचं नाव अनेकांना अशुभ वाटतं. श्राद्धाचं अन्न समजून काही जण बाजूलाही ठेवतात. बाहेर ‘शुभ दीपावली’, खाली घटक, बनवल्याची तारीख आणि ठळक अक्षरात ‘शेंगदाणे आहेत’. आजीचं नाव हवंच असेल तर ‘अमुक आजींच्या पद्धतीचा चिवडा’ असं लिहा. लोक चव विचारतात, मग तिचं नाव निघतं. फ्लेक्स तर नकोच.

ऐरोली
पहिल्या वर्षी सगळे पैसे काढतात, तिसऱ्या वर्षी दोन भावंडं उरतात. त्यापेक्षा एकदाच ठेव करा. ५ लाखांवर ७ टक्के धरले तर वर्षाला ३५ हजार, त्यातून कर वजा. शंभर पाकिटांचा कच्चा माल आणि पिशव्या त्यात सांभाळून बसवता येतात. घरच्या पैशात करताय तोवर ठीक आहे. बाहेर वर्गणी मागायची असेल तर गणेश मंडळं घेतात तशी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ सी ची परवानगी धर्मादाय कार्यालयातून घ्या. संस्थेला रोख देणार असाल तर २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीला प्राप्तिकरातली देणगीची सवलत नाही आणि नव्या करप्रणालीत ती नाहीच.

घणसोली
नौपाडावाल्या ताई, दोन किलोचा एक घाणा बिघडलाय. लाडू वळताना गोल होते, आता ताटात चपटे झालेत. परवा वाटप आहे.

नौपाडा
मिश्रण गरम असताना साखर पडली. तसं झालं की मिश्रण सैल होतं आणि लाडू बसतात. टाकू नका. सगळे मोडून परातीत पसरा, रात्रभर उघडं राहू द्या. सकाळी पाव किलो बेसन कोरडंच खमंग भाजा, पूर्ण गार करून त्यात मिसळा, तळहाताने चांगलं मळा आणि एक लाडू वळून तासभर ठेवून पाहा. तो चपटा झाला नाही तरच बाकीचे वळा. गोडी थोडी कमी लागेल, वेलदोडा जरा जास्त घाला.