लॅपटॉप सारखा बंद पडतोय, शेवटी फॅक्टरी रीसेट: तुमचे अनुभव लिहा

मांडवीकाठ

काल संध्याकाळी शेजारची मुलगी लॅपटॉप पोटाशी धरून आली. गोवा विद्यापीठात एम.ए. करते, प्रबंध द्यायची तारीख तोंडावर, आणि लॅपटॉप जरा चालला की निळा पडून आपोआप रीस्टार्ट. पडद्यावर तो उदास चेहरा, खाली 'क्रिटिकल प्रोसेस डाइड'. तिचं सगळं लिखाण ऑनलाइन ड्राइव्हवर सुरक्षित होतं, म्हणून सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी, 'रीसेट धिस पीसी' (म्हणजे विंडोज नव्याने बसवणं) असं करत गेलो. काळ्या पडद्यावर टक्के चढायला लागले आणि मला बाबांचा जुना लॅपटॉप आठवला.

बाबा गावच्या जत्रेतल्या नाटकाचं सगळं बघायचे. जुन्या वह्यांतल्या संहिता त्यांनी स्वतः श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केल्या होत्या. प्रत्येक पात्राचं पान वेगळं. प्रवेश कुठल्या विंगेतून, पेटीवर सूर कुठला द्यायचा, हेसुद्धा कंसात लिहिलेलं. २०१५ च्या पावसाळ्यात तो लॅपटॉप बिघडला. डेस्कटॉप यायचा, घड्याळ दिसायचं आणि फाइल उघडेपर्यंत सगळं बंद. दुकानात सांगितलं, "फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी न्या." बाबांनी एक शब्द न बोलता लॅपटॉप पिशवीत घातला आणि घरी आणला.

मग मावसभावाने उबुंटूचा (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम) पेन ड्राइव्ह बनवला. त्यावरून लॅपटॉप सुरू केला, म्हणजे विंडोजला हातच लावायचा नाही. उबुंटूवर तो अजिबात बंद पडला नाही, तेव्हाच कळलं की मशीन ठीक आहे, बिघाड विंडोजमध्ये आहे. संहितांचं फोल्डर उघडलं तसे बाबा खुर्ची ओढून जवळ बसले आणि एकेक फाइलचं नाव मोठ्याने वाचायला लागले. संहिता, फोटो, भजनांची रेकॉर्डिंगं सगळं बाहेर काढलं. भावाने फॉन्ट्सचं फोल्डरही घेतलं. ते नसतं तर संहिता हाती असूनही वाचता आल्या नसत्या, कारण त्या जुन्या श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या पद्धतीत, नाही. फॉन्ट नसेल तर मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. त्यानंतर कुठे रिकव्हरी करून लॅपटॉप कंपनीतून आला तसा केला.

रीसेटचं बटण कोणीही दाबेल. त्याच्या आधी काय बाहेर काढायचं हे त्या घरच्यांनाच माहीत असतं, दुकानातल्या पोराला नाही. तुमच्याकडे काय झालं ते लिहा. आधी काय वाचवलंत, नंतर काय काय परत बसवावं लागलं, सगळंच.

फोंड्याची सून

टक्के एका जागी अडकतात तेव्हा जीव नुसता वरखाली होतो. आमचा बराच वेळ हलेचना. सासूबाई म्हणाल्या बंद करून परत लाव. मी हात लावू दिला नाही. जेवणं झाली, भांडी झाली, मग पुढे सरकला. मध्येच बंद केला तर विंडोज अर्धवट राहतं आणि मग पेन ड्राइव्हशिवाय गत्यंतर नसतं. चार्जर लावूनच करा. आणि पावसात करंट जातो हे धरून चाला, बॅटरी उतरलेली असेल तर शेजारून यूपीएस मागून आणा.

काणकोणकर

रिकव्हरीत जायला लॅपटॉप चालू करताना दाबायचं बटण प्रत्येक कंपनीचं वेगळं. एचपीला एफ ११, एसरला ऑल्ट आणि एफ १०, आसुसला एफ ९. माझ्या लेनोवोला कडेला बारीक भोक आहे, त्यात टाचणी घालून दाबायचं, मग मेनू येतो. आईच्या शिवणाच्या डब्यातली टाचणी तेव्हापासून लॅपटॉपच्या बॅगेत आहे.

साखळी_रिपेअर

माझं दुरुस्तीचं दुकान आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. गिऱ्हाईक मध्ये आलं तर उरलेलं मागाहून.

बंद पडणारा प्रत्येक लॅपटॉप रीसेटने बरा होत नाही. आधी एवढं बघा. चालू करून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणारा सेटिंगचा पडदा) जा आणि तसाच ठेवून द्या. तिथेही बंद पडला तर विंडोजचा काही संबंध नाही. गरमी, रॅम, पॉवर किंवा बोर्ड. रीसेट करून वेळ जाईल आणि दुखणं तिथेच राहील. वर मांडवीकाठ यांच्या भावाने उबुंटूवर चालवून बघितलं, तेही तेच काम करतं.

गोव्यात जास्त बघायला मिळतं ते दमटपणामुळे झालेलं. जून ते सप्टेंबर हवेत इतकं पाणी असतं की बंद कपाटात ठेवलेल्या लॅपटॉपच्या बोर्डावर हिरवट गंज चढतो. किनाऱ्याजवळ खारा वारा, तिथे अजून लवकर. पंख्याच्या जाळीत धूळ आणि ओल मिळून जाड थर बसतो. तो चिमट्याने उचलला की अख्खा निघतो. गरम हवेला वाटच उरत नाही, मग मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं. लोकांना वाटतं व्हायरस.

डिस्कचं फार जपा. जुनी फिरती हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल किंवा साधं फोल्डर उघडायला युगं घेत असेल तर रीसेट करूच नका. रीसेटमध्ये डिस्कवर सलग वाचणं-लिहिणं चालतं, मरायला टेकलेली डिस्क नेमकी तेव्हा जाते. आधी डेटा काढा, मग एसएसडी (न फिरणारी नवी डिस्क) टाका, मग नवीन विंडोज. त्याच मशीनवर तीच आवृत्ती परत टाकली तर विंडोजची की (लायसन्सचा नंबर) विकत घ्यावी लागत नाही. लायसन्स मशीनच्या हार्डवेअरशी जोडलेलं असतं, इंटरनेट लागलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. त्याचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका.

पर्वरीतून

मॅक वापरते. नव्या मॅकमध्ये सेटिंग्जमध्येच 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' आहे, २०२१ च्या मॉन्टेरे आवृत्तीपासून. चहा होईपर्यंत काम झालं. जुन्या इंटेल प्रोसेसरच्या मॅकवाल्यांना कमांड आणि आर धरून सुरू करावं लागतं.

डिचोलीची बाय

@साखळी_रिपेअर दादा, कपाटात ठेवू नको तर कुठे ठेवू? बाहेर पाली.

साखळी_रिपेअर

बाय, पाली बोर्डापर्यंत जाणार नाहीत, मुंग्या मात्र जातात. पावसाळ्यात रोज थोडा वेळ चालू ठेव, चालू मशीनची ऊब ओल घालवते. डब्यात ठेवणार असलीस तर सिलिका जेलच्या पुड्या टाक.

तारवटीची बायको

नवरा जहाजावर, लॅपटॉप इथे मडगावला, मुलाची ऑनलाइन शिकवणी त्यावर. सुरू व्हायचा, गोल गोल फिरायचं आणि परत पहिल्यापासून. जहाजावरचं इंटरनेट म्हणजे एक मेसेज आत्ता गेला तर उत्तर जेवणानंतर. तो लिहायचा, "शिफ्ट धरून रीस्टार्ट दाब." मी करायचे, पडद्याचा फोटो काढून पाठवायचे, आणि उत्तर येईपर्यंत कोणी त्या टेबलाजवळ फिरकायचं नाही. "ट्रबलशूट." फोटो. "रीसेट धिस पीसी." फोटो. मग 'कीप माय फाइल्स' की 'रिमूव्ह एव्हरीथिंग' असं विचारलं आणि तेव्हाच त्याची ड्यूटी लागली. मी कीप माय फाइल्स घेतलं. पुढे क्लाउड डाउनलोड (विंडोज इंटरनेटवरून उतरवणं) की लोकल (लॅपटॉपवरचंच वापरणं) विचारतं. क्लाउडला साधारण ४ जीबी डेटा जातो हे तिथेच लिहिलेलं होतं. घरचं वायफाय त्या दिवशी रडत होतं म्हणून लोकल. सगळं नीट झालं. सकाळी त्याचा मेसेज आला, "उत्तर द्यायच्या आधीच केलंस?" मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. आता गल्लीत कोणाचा लॅपटॉप अडला की मलाच बोलावतात.

फोंड्याची सून

वा ताई! फोटो पाठवून रीसेट, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. शाबास.

काणकोणकर

माझे मामाही जहाजावर होते. त्यांच्या वेळी चिठ्ठी घरी यायची तोवर ते पुढच्या बंदरात.

मडगाव_हिशेब

घाईत लिहितोय, २० तारीख जवळ आलीय. जीएसटीवाले समजून घेतील.

कीप माय फाइल्स म्हणजे सगळं राहतं असं धरू नका. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, फोटो हे राहतं. आपण बसवलेले प्रोग्रॅम सगळे जातात, आणि प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये डेटा ठेवला असेल तर त्याची खात्री नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये डेटाचा पत्ता दिसतो, तो कागदावर लिहून घ्या, फोल्डर बाहेर कॉपी करा, आणि ती कॉपी दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. उघडून बघितल्याशिवाय बॅकअप म्हणू नका. डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) परत टाकावा लागतो, प्रिंटरचा पण. रीसेटनंतर गेलेल्या प्रोग्रॅमची यादी विंडोज डेस्कटॉपवर ठेवतं, ती पुसू नका. मला त्यावरून भराभर सगळं परत बसवता आलं.

आमच्या एका क्लायंटच्या मशीनवर मराठी पत्रं जुन्या फॉन्टमधली होती, त्यामुळे मांडवीकाठ यांचं फॉन्टचं अगदी पटलं.

वाळपईकर

जत्रेतलं नाटक वाचून राहवलं नाही. कुठल्या गावची जत्रा हो? आमच्याकडे जत्रेचा कालो झाला की रात्री नाटक. आता तालमीला पोरं मिळत नाहीत, सगळी कामाला वेर्णा नाहीतर पुणे. नटी बाहेरून आणतात. संहिता लॅपटॉपवर आहेत म्हणता, गावातल्या मंडळांना देता का?

मांडवीकाठ

@वाळपईकर गाव डिचोली तालुक्यातलं. देतो की! बाबांना विचारलं, ते म्हणाले मागतोय कोण ते आधी सांग, भूमिका वाटून देतो.

म्हापशाची आत्या

माझं थोडं वेगळं आहे. भाचीच्या लॅपटॉपवर अपडेटनंतर निळा पडदा, बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय), ४८ अंकी रिकव्हरी की मागत होता. तिने ते कधी लावलंच नव्हतं. चौकशी केली तेव्हा कळलं, विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच मशीनवर हे कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन, आपोआप चालू होतं आणि त्याची की त्या खात्यात साठते. आणि तिचं खातं जुन्या कॉलेजच्या ईमेलवरचं. ते ईमेल कॉलेज सोडल्यावर बंद झालेलं. विनंत्या केल्या, उत्तर आलं नाही. कीशिवाय डिस्क वाचता येत नाही. सगळं पुसून रीसेट तेवढं करता येतं.

त्यात आमच्या आईच्या शेवटच्या चवथीचे फोटो होते. गणपतीच्या वर बांधतात ती फळापानांची माटोळी आईने स्वतः सांगून बांधून घेतली होती, कुठे कांगला, कुठे नारळाची पेंड. भाची रात्रभर रडली. थोडे फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवर मिळाले, धुरकट आहेत पण आहेत. लॅपटॉप रीसेट केला, आता छान चालतो. तुम्ही सगळ्यांनी आज, आत्ता, आपली की बघून ठेवा. मायक्रोसॉफ्ट खात्यात डिव्हाइसेसखाली मिळते. कागदावर उतरवून बँकेच्या पासबुकात ठेवा.

डिचोलीची बाय

आत्या, फार वाईट वाटलं गं. नातेवाइकांच्या फोनमध्ये अजून शोध. आमच्या काकीच्या फोनमध्ये सगळ्या खानदानाचे फोटो आहेत.

तारवटीची बायको

आत्ताच माझी की बघितली. होती. लिहून घेतली. देव बरें करूं, आत्या.

सायबरएजवाला

पर्रीकर मुख्यमंत्री असताना सायबरएज योजनेत अकरावीच्या मुलांना कॉम्प्युटर मिळायचे, त्यातला एक आमच्या घरी होता. तेव्हा रीसेटबिसेट नव्हतं. सीडी घालायची, फॉरमॅट करायचं, मग ड्रायव्हरच्या सीडी शोधत बसायचं. साउंडचा ड्रायव्हर सापडला नाही की घर मुकं. आमचे शेजारी त्या सीड्या बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवायचे आणि अख्खा वाडा तिथून उसन्या न्यायचा. तो डबा होता म्हणून मी कॉम्प्युटर शिकलो, आज पोट त्यावरच चालतं.

पणजी_१८जून

विंडोज १० वाले लक्षात घ्या, १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला. रीसेट केलं तर परत १० च येतं. मशीन ११ ला चालत असेल तर रीसेट करत बसण्यापेक्षा सरळ ११ टाका. ते बसवायला ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो, पण रिकामा घ्या, त्यावरचं सगळं पुसलं जातं.

आणि लॅपटॉप विकायचा असेल तर रिमूव्ह एव्हरीथिंगमध्ये 'क्लीन डेटा' चालू करा. फिरत्या डिस्कवर तासन् तास लागतात, लागू देत. नुसतं पुसलेलं परत काढता येतं.

काणकोणकर

म्हापशाला शुक्रवारी पेन ड्राइव्ह स्वस्त मिळतात का?

म्हापशाची आत्या

शुक्रवारी बाजारात मिरच्या, केळी, मडकी घ्यायला ये. पेन ड्राइव्ह बिल देणाऱ्या दुकानातूनच घे. ६४ जीबी लिहिलेले आत भलतेच निघतात.

वाळपईकर

@मांडवीकाठ आमच्याकडे श्रीलिपी नाही. फाइल पाठवलीत तर वाचणार कशी?

मांडवीकाठ

युनिकोडमध्ये बदलून पाठवतो. कन्व्हर्टर आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार कधीकधी तुटतात, म्हणून एकदा नजरेखालून घालावं लागेल. ते काम बाबांनी आधीच मागून घेतलंय. पहिला अंक या रविवारी, बाकीचे तपासून होतील तसे. प्रिंट हवी असेल तर ए फोरवर अठरा पॉइंटमध्ये काढा, विंगेतल्या उजेडात प्रॉम्प्टरला वाचता आलं पाहिजे.

साखळी_रिपेअर

गिऱ्हाईक गेलं. कोणाला डिस्क तपासून हवी असेल तर घेऊन या, नुसतं बघण्याचे पैसे घेत नाही. दुपारी १ ते ४ येऊ नका, बंद असतं. चार्जर बरोबर आणा, सगळे विसरतात.